क्लिनिकमध्ये बीपी 158, घरी 128. बाबांनी गोळी बंद केलीय, कोणाचं खरं मानायचं?

कोलशेतकर

बाबा 64 वर्षांचे आहेत. नौपाड्यातल्या एका क्लिनिकमध्ये दोन वेगवेगळ्या दिवशी त्यांचं बीपी 158/96 आणि 154/94 आलं. डॉक्टरांनी टेल्मिसार्टन 40 आणि ॲम्लोडिपिन 5 एकत्र असलेली गोळी रोज सकाळी एक अशी लिहून दिली आणि "आता ही कायम" एवढंच सांगितलं. तीन आठवड्यांनी संध्याकाळी दोन्ही पायांच्या घोट्यांवर सूज दिसायला लागली, मोज्यांचे वळ उठतात. बाबांनी स्वतःच गोळी थांबवली. त्याला चार-पाच दिवस झाले. या दिवसांत घरच्या मशीनवर बीपी 126 ते 132 आणि खालचं 78 ते 84 येतंय.

त्यांचं म्हणणं असं, की डोकं दुखत नाही, चक्कर नाही, गोळीशिवायही मशीन नॉर्मल दाखवतंय, म्हणजे गोळीची गरज कधी नव्हतीच. भाऊ म्हणतो डॉक्टरांनी सांगितलं ना, मग प्रश्न विचारायचे नाहीत. आत्या सर्पगंधाचं चूर्ण सुचवतेय. रिपोर्ट: एचबीए1सी (तीन महिन्यांच्या साखरेचा अंदाज) 6.3, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाची तपासणी) 1.0, ईसीजी नॉर्मल. बाबांचं म्हणणं तपासून बघायचं तर नेमकं कसं बघायचं? नुसतं "डॉक्टरांचं ऐका" असं उत्तर नको आहे.

ऐरोली_टेक्निशियन

तुमच्याकडे दोन आकडे आहेत आणि आत्ता दोन्हीवर भरवसा ठेवता येत नाही. क्लिनिकमधला आकडा पाच मिनिटं शांत बसवून घेतला होता का? जिना चढून आल्यावर लगेच, बोलता बोलता, शर्टाच्या बाहीवरून पट्टा बांधून घेतलेलं बीपी सहज 10-15 ने जास्त येतं. लघवी तुंबलेली असेल तर आणखी वर. पण घरचा आकडासुद्धा चुकीच्या पद्धतीने घेतला तर खाली येऊ शकतो. म्हणून आधी विचारते: मशीन दंडाचं आहे की मनगटाचं? पट्ट्यावर किती सेंटिमीटर छापलंय? दिवसातून कधी मोजता, बसून की आडवं पडून? आणि तीनचार वेळा मोजून सगळ्यात कमी आलेला आकडा लिहून ठेवता का?

तोवर पद्धत लिहून ठेवते. अर्धा तास आधी चहा, तंबाखू, चालणं बंद. लघवीला जाऊन यायचं. पाठ टेकेल अशा खुर्चीत बसायचं, पलंगाच्या कडेवर नको. दोन्ही तळवे जमिनीवर, पायावर पाय नको. हात टेबलावर असा ठेवायचा की पट्टा छातीच्या मधोमध, हृदयाच्या पातळीवर येईल. लागली तर हाताखाली उशी घ्या. पट्टा उघड्या दंडावर, खालची कड कोपराच्या घडीच्या दोनेक सेंटिमीटर वर. आता पाच मिनिटं गप्प बसायचं. टीव्ही बंद, मोबाइल बाजूला. मग बटण दाबायचं, एक मिनिट थांबून पुन्हा एकदा. दोन्ही आकडे लिहायचे, आवडेल तो एक नव्हे.

हे सकाळी उठल्यावर, गोळी आणि नाश्त्याच्या आधी, आणि रात्री जेवणाआधी. असं सलग सात दिवस. पहिला दिवस हिशेबातून काढून टाका, कारण मशीनची सवय नसते आणि आकडा वर जातो. उरलेले 24 आकडे होतात, त्यांची सरासरी काढा. घरी मोजलेल्या बीपीची सीमा 135/85 आहे. क्लिनिकमधली 140/90 ची सीमा घरच्या आकड्यांना लावू नका. घरी 137 आलं की "140 च्या आत आहे" म्हणून लोक निश्चिंत होतात, तिथेच गफलत होते.

पहिल्या दिवशी दोन्ही दंडांवर मोजा. ज्यावर जास्त येईल तोच पुढे कायम वापरायचा. दोन्हींत 15 पेक्षा जास्त फरक वारंवार येत असेल तर ते डॉक्टरांना मुद्दाम सांगा, त्याची वेगळी तपासणी लागते.

खारघर_फार्मासिस्ट

मोजण्याचं वर आलंच आहे, मी गोळीबद्दल लिहितो. बाबांच्या तर्कात एक मोठं भोक आहे आणि ते त्यांना समजावून सांगण्यासारखं आहे.

ॲम्लोडिपिन शरीरातून फार सावकाश जातं. रक्तातलं प्रमाण निम्म्यावर यायलाच 30 ते 50 तास लागतात, म्हणजे जवळपास सगळं जायला आठवडा ते दहा दिवस, उतारवयात त्याहून थोडे जास्तही. टेल्मिसार्टनलाही निम्म्यावर यायला साधारण 24 तास लागतात, आणि ते थांबवल्यावर बीपी एकदम उसळत नाही, काही दिवसांत हळूहळू मूळ जागी जातं. तेव्हा बंद केल्यावर चौथ्या-पाचव्या दिवशी दिसणारं 128 हे बऱ्याच अंशी त्याच गोळीचं काम आहे. "बंद केली तरी नॉर्मल" असं म्हणायला अजून वेळच झालेली नाही. दुकानात हा तर्क सतत ऐकू येतो. गोळी बंद, चार दिवस सगळं ठीक, मग मशीन कपाटात. महिन्याभराने बीपी किती आहे ते कोणी बघतच नाही, कारण बीपी दुखत नाही. डोकं दुखणं किंवा चक्कर यावरून बीपीचा अंदाज बांधता येत नाही. 170 असलेली माणसं ठणठणीत वाटत असतात.

आता सुजेबद्दल. इथे मात्र बाबांचं निरीक्षण अगदी बरोबर आहे आणि ते कोणी हलक्यात घेऊ नये. ॲम्लोडिपिन बारीक रोहिण्या सैल करतं, पण पुढच्या शिरा तेवढ्या सैल होत नाहीत. केशवाहिन्यांमधला दाब वाढतो, पाणी बाहेर झिरपतं आणि दिवसभर पाय खाली असल्यामुळे घोट्याशी साठतं. म्हणूनच लघवी वाढवणारी गोळी देऊन ही सूज फारशी उतरत नाही. उपाय म्हणजे ॲम्लोडिपिन 2.5 वर आणणं, त्याऐवजी सूज कमी आणणारं सिल्निडिपिन, किंवा तो घटकच काढून बीपीसाठी क्लोरथॅलिडोन ही लघवी वाढवणारी गोळी 6.25 किंवा 12.5 देणं. क्लोरथॅलिडोन दिलं तर दोनेक आठवड्यांनी सोडियम-पोटॅशियम बघावं लागतं, साठीपुढच्या माणसांत सोडियम घसरतं. हे सगळे निर्णय डॉक्टरांचे, पण "सूज येतेय, बदलून द्या" ही मागणी रास्त आहे आणि रोज ऐकली जाते.

मात्र सूज एकाच पायाला असेल, पोटरी दुखत असेल, चालताना किंवा आडवं पडल्यावर दम लागत असेल, तर तो गोळीचा दोष समजून बसू नका. त्याच दिवशी दाखवा.

दोन गोष्टी विचारतो. गुडघे-कंबरेसाठी काही वेदनाशामक चालू आहे का? आणि सर्दीची गोळी, काढा, चूर्ण, लो सोडियम मीठ यातलं काही?

कोलशेतकर

दोघांचेही आभार. मशीन दंडाचं आहे, पट्ट्यावर 22-32 सेमी लिहिलंय. बाबांच्या दंडाचा घेर आत्ता मोजला, 34 भरला. मोजतात ते दुपारी जेवण झाल्यावर, सोफ्यावर आडवं होऊन, हात पोटावर ठेवून. आणि हो, कमी आलेला आकडाच वहीत असतो. गुडघ्यासाठी ॲसिक्लोफेनॅक चालू आहे, आठवड्यातून तीन-चार गोळ्या होतात. खोकल्यासाठी रोज ज्येष्ठमध चघळतात. क्लिनिक दुसऱ्या मजल्यावर आहे, लिफ्ट नाही, आणि गेल्या गेल्या मोजलं होतं.

ऐरोली_टेक्निशियन

मग चित्र स्पष्ट आहे. जेवणानंतर बीपी उतरतं, उतारवयात जास्तच. आडवं पडून हात पोटावर ठेवला की पट्टा हृदयापेक्षा वर जाऊ शकतो, तेव्हाही आकडा खाली येतो. हात दहा सेंटिमीटर वर-खाली झाला की सात-आठ अंकांचा फरक पडतो, कारण तेवढ्या रक्ताच्या स्तंभाचं वजन त्यात मोजलं जातं. उलट, घेरापेक्षा लहान पट्टा आकडा वाढवतो. म्हणजे एकाच मोजणीत दोन चुका खाली ओढतायत आणि एक वर. अशा आकड्यातून खरं बीपी वजाबाकी करून काढता येत नाही. 22-42 किंवा 32-42 चा पट्टा त्याच कंपनीचा वेगळा मिळतो, तो घ्या. दुसऱ्या कंपनीचा पट्टा नळी बसली तरी लावू नका. मशीनचं मॉडेल तपासून मान्यता मिळालेलं आहे का, हे स्ट्राइड बीपी या संस्थेच्या यादीत बघता येतं.

मशीन पुढच्या वेळी क्लिनिकमध्ये सोबत न्या आणि तिथल्या यंत्राशी एकाच बैठकीत ताडून बघा. नाडी अनियमित असल्याचं चिन्ह मशीनवर वारंवार दिसलं तर तेही सांगा, तशा नाडीत ही मशीनं चकतात.

खारघर_फार्मासिस्ट

ॲसिक्लोफेनॅक आणि ज्येष्ठमध, दोन्ही महत्त्वाचे निघाले. ॲसिक्लोफेनॅक, डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेन या गोळ्या मूत्रपिंडाला मीठ-पाणी धरून ठेवायला लावतात, बीपी वाढवतात आणि टेल्मिसार्टनचा परिणाम बोथट करतात. यात उद्या क्लोरथॅलिडोन आलं तर तिघं मिळून मूत्रपिंडावर ताण देतात. लोक "बीपीच्या गोळीने किडनी जाते" म्हणतात, त्यात अनेकदा खरा हात सोबतच्या वेदनाशामकाचा असतो. पॅरासिटामॉल त्यातल्या त्यात बरं, पण पाण्यात फसफसून विरघळणारी गोळी नको, तिच्यात सोडियम भरपूर असतं. गुडघ्यावर लावायचं जेल आणि मांडीच्या स्नायूंचे व्यायाम यांचाही विचार व्हावा.

ज्येष्ठमधातला ग्लिसिरायझिन हा घटक शरीरात कॉर्टिसोल या संप्रेरकाला मोकळं रान देतो. मीठ साठतं, पोटॅशियम उतरतं, बीपी चढतं. रोज चघळण्याची सवय असेल तर ती थांबवून मगच बीपीचं मूल्यमापन करायला हवं. सोबत चालू असलेली चूर्णं, काढे, सर्दीच्या गोळ्या या सगळ्यांची पाकिटं डॉक्टरांसमोर ठेवा. ही माहिती न सांगता डॉक्टरांकडून अचूक निर्णयाची अपेक्षा करता येत नाही, आणि डॉक्टरांनीही ती विचारायलाच हवी होती.

टेल्मिसार्टन परत सुरू झालं तर एक-दोन आठवड्यांत क्रिएटिनिन आणि पोटॅशियम करा. क्रिएटिनिन 30 टक्क्यांपर्यंत वाढणं सहसा चालतं, त्यापुढे गेलं तर डॉक्टर कारण शोधतात. "आरोग्यासाठी चांगलं" म्हणून मिळणारं लो सोडियम मीठ टेल्मिसार्टनसोबत परस्पर सुरू करू नका, त्यात पोटॅशियम क्लोराइड असतं. सैंधव चालेल का असंही विचारतात. तेही मुख्यतः सोडियम क्लोराइडच.

वर्तकनगर_वैद्य

आत्याबाईंच्या सर्पगंधेबद्दल लिहितो, कारण मी याच शास्त्राचा आहे. सर्पगंधेत बीपी उतरवण्याची ताकद आहे, यात वाद नाही. मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. रुस्तम जाल वकील यांनी तिच्या चाचणीचा अहवाल 1949 मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये दिला आणि जगाचं लक्ष तिच्याकडे गेलं. 1952 मध्ये तिच्यातून रेझर्पिन हे औषधी द्रव्य वेगळं काढलं गेलं आणि पुढे ते वर्षानुवर्षं वापरात होतं. म्हणजे ही वनस्पती सौम्य घरगुती उपायांत मोडत नाही, ते खरंखुरं औषध आहे. तेवढेच तिचे दुष्परिणामही खरे: मन उदास होणं, नाक चोंदणं, नाडी मंदावणं, आम्लपित्त वाढणं. चूर्णात मुळाचा कस प्रत्येक वेळी वेगळा असतो, त्यामुळे मात्रेचा अंदाज घरी लागत नाही. टेल्मिसार्टन-ॲम्लोडिपिन अजून अंगात असताना वरून सर्पगंधा घेतली तर उभं राहताना तोल जाऊन पडण्याची भीती. वाण्याकडून आणून सुरू करू नका. आयुर्वेदिक उपचार घ्यायचे तर प्रत्यक्ष तपासून घेऊन, आणि दोन्ही डॉक्टरांना एकमेकांची औषधं माहीत असतील अशा पद्धतीने.

नेरूळ_फिजिशियन

चर्चा चांगली झाली आहे. आता काय करायचं ते सांगतो. इंटरनेटवरून बाबांचा उपचार ठरवत नाही, पण त्यांच्या डॉक्टरांसमोर काय ठेवायचं हे नक्की सांगता येईल.

पहिलं म्हणजे, 158/96 हा आकडा आयुष्यभराची गोळी लगेच सुरू करण्याइतका तातडीचा नव्हता. 140 ते 159 या टप्प्यात घरी आठवडाभर मोजून, किंवा 24 तासांचं यंत्र लावून खात्री करून घ्यावी, हीच मान्य पद्धत आहे. क्लिनिकमध्ये वाढतं आणि घरी नॉर्मल असतं अशी माणसं खरोखर असतात. उलटही असतात: क्लिनिकमध्ये 130 आणि घरी 145. तेव्हा "डॉक्टर, आधी नीट मोजू का?" हा प्रश्न उद्धटपणाचा नाही. तुमच्या भावाला हे जरूर सांगा. प्रश्न विचारणं आणि परस्पर बंद करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

दुसरं, बाबांना हृदयविकार, पक्षाघात, मूत्रपिंडाचा आजार झालेला नसेल, तर त्यांचे डॉक्टर देखरेखीखाली थोडे दिवस गोळीविना बघायला तयार होऊ शकतात. हेच टेल्मिसार्टनऐवजी मेटोप्रोलॉल, ॲटेनोलॉल किंवा क्लोनिडीन असतं तर माझं उत्तर वेगळं असतं. ती एकाएकी थांबवली की बीपी आणि नाडी उसळी घेतात, हृदयविकार असलेल्याला छातीत दुखणं सुरू होऊ शकतं. कुठली गोळी आहे हे न बघता "मी बंद केली, काही झालं नाही" हा सल्ला शेजाऱ्याला देणं म्हणूनच धोक्याचं आहे.

या आठवड्यात डॉक्टरांना फोन करून सांगा: सुजेमुळे गोळी थांबली आहे, वेदनाशामक आणि ज्येष्ठमध चालू होतं, ते बंद करतोय, योग्य पट्टा घेऊन मोजतोय. त्यांनी होकार दिला तर गोळी थांबून दोन-तीन आठवडे झाल्यावरच्या सात दिवसांची सरासरी निर्णयाला वापरा, आधीची नको. मधल्या काळात मोजत राहा. सरासरी 160/100 कडे जायला लागली तर तीन आठवडे पूर्ण होण्याची वाट बघू नका. 135/85 च्या खाली स्थिर राहिली तर गोळीविना पुढे जाण्याचा विचार डॉक्टर करू शकतात, पण वर्षातून एकदा तरी हा आठवडा पुन्हा करावा लागेल. अशांपैकी बऱ्याच जणांचं बीपी पुढे खरोखर वाढतं.

मधली सरासरी आली, म्हणजे 132-138 च्या आसपास, तर 24 तासांची तपासणी मागा. यंत्र दिवसा साधारण दर 20-30 मिनिटांनी आणि रात्रीही मोजतं. पूर्ण दिवसाची सरासरी 130/80 किंवा वर, किंवा झोपेतली 120/70 किंवा वर असेल तर बीपी आहे. बाबा घोरत असतील आणि दिवसा पेंगत असतील तर तेही सांगा, झोपेत श्वास अडण्याचा विकार रात्रीचं बीपी चढवतो. ठाण्यात आणि वाशीत मोठ्या रुग्णालयांच्या हृदयरोग विभागात ही तपासणी होते.

एक तपासणी तुमच्या यादीत दिसत नाही: लघवीतील अल्ब्युमिन-क्रिएटिनिन प्रमाण (अल्ब्युमिन म्हणजे रक्तातलं एक प्रथिन). 6.3 एचबीए1सी म्हणजे मधुमेहाच्या उंबरठ्यावर. लघवीतून अल्ब्युमिन जात असेल तर टेल्मिसार्टनचं कारण केवळ बीपी उरत नाही, ते मूत्रपिंडाच्या संरक्षणासाठीही लागतं. अशा वेळी "घरी 130 आहे" हा मुद्दा पुरेसा नाही.

आणि बाबांना उभं करूनही एकदा मोजा. पाच मिनिटं आडवं पडून, मग उभं राहून एका आणि तिसऱ्या मिनिटाला. वरचं 20 ने किंवा खालचं 10 ने उतरत असेल तर गोळीची मात्रा ठरवताना ते कळायला हवं.

सध्याच्या डॉक्टरांकडे ऐकून घ्यायला वेळच नसेल तर दुसरं मत घ्या. कळव्याच्या छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालयाची मेडिसिन ओपीडी आहे, वाशीचं महापालिका रुग्णालय आहे, किंवा ओळखीचा कोणी एमडी. फाइलमध्ये चिठ्ठ्या, रिपोर्ट, मोजणीची वही आणि औषधांची पाकिटं असू द्या. पण एका वेळी निर्णय एकाच डॉक्टरांचा ठेवा. दोघांच्या चिठ्ठ्यांतलं पटेल तेवढं उचलून तिसरीच मात्रा घरी तयार होते, आणि मग काय कशामुळे झालं हे कोणालाच सांगता येत नाही.

सानपाडा_आहारतज्ज्ञ

मिठाबद्दल एक हिशेब. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा माणशी दिवसाला 5 ग्रॅमच्या आत, जेमतेम एक चमचा. चार माणसांच्या घरात किलोची पिशवी महिन्यात संपत असेल तर माणशी 8 ग्रॅमच्या वर होतं, आणि त्यात बाहेरचा पाव, फरसाण, पापड धरलेलेच नाहीत. पिशवी फोडल्याची तारीख तिच्यावर लिहा, सगळ्यात सोपं मोजमाप तेच. खारे बांगडे आणि लोणचं मोजणीच्या आठवड्यात अचानक बंद करू नका. नेहमीचं खाणं ठेवूनच आधी मोजा, नाहीतर त्या आठवड्याचं बीपी नेहमीचं नसेल.

कोलशेतकर

मोठा पट्टा मागवला, ज्येष्ठमध आणि ॲसिक्लोफेनॅक आजपासून बंद. डॉक्टरांशी फोनवर बोलणं झालं, ते मोजणीला तयार आहेत. शेवटचा प्रश्न: या दिवसांत अचानक 180 वगैरे दिसलं तर? घरात आजीच्या वेळची जिभेखाली ठेवायची कॅप्सूल अजून आहे.

नेरूळ_फिजिशियन

ती कॅप्सूल निफेडिपिनची असेल तर फेकून द्या. जिभेखाली घेतल्यावर बीपी अनिर्बंध कोसळतं, त्यातून पक्षाघात आणि हृदयविकाराचे झटके आलेले नोंदवले आहेत. तो प्रघात केव्हाच सोडून दिला गेला आहे.

180/120 किंवा त्यापुढे दिसलं तर बसवा, पाच मिनिटं थांबा, पुन्हा मोजा. तेवढंच राहिलं पण त्रास काहीच नसेल, तर जास्तीची गोळी न देता त्याच दिवशी डॉक्टरांशी बोला. छातीत दुखणं, धाप, तोंड वाकडं होणं, एक हात किंवा पाय लुळा पडणं, बोलणं अडखळणं, दिसेनासं होणं, भ्रमिष्ट वाटणं, यातलं एक जरी असेल तर पुन्हा मोजण्यात वेळ न घालवता 108. आकडा 180 च्या खाली असला तरी हेच करायचं. लक्षण पहिल्यांदा कधी दिसलं ती वेळ कागदावर लिहून सोबत द्या. पक्षाघातात गुठळी विरघळवणारं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं आणि ते तास लक्षण सुरू झाल्यापासून मोजतात. सीटी स्कॅन चोवीस तास चालू असलेलं जवळचं रुग्णालय कोणतं, हे आजच चौकशी करून फ्रिजवर लावून ठेवा. घोडबंदर रोड संध्याकाळी तुंबतो, तो वेळही धरा.